एक ओळ, चार प्रकार

जावामध्ये १०, २०, ३० एवढेच आकडे असलेली एक लिस्ट घ्या आणि तिला सांगा, रिमूव्ह(१०). दहा निघून जाईल असं वाटतं. जात नाही. प्रोग्रॅम एक्सेप्शन फेकतो, कारण त्याने १० हा आकडा न शोधता १० क्रमांकाची जागा शोधलेली असते. रिमूव्ह तिथे दोन आहेत: एक जागेचा क्रमांक घेणारी, दुसरी खुद्द वस्तू घेणारी. २००४ साली जावा ५ येईपर्यंत यात घोळ नव्हता. साधा इंट वस्तू म्हणून चालायचाच नाही. त्या आवृत्तीत जेनेरिक्स आले, आणि इंटला गुपचूप इंटिजरमध्ये गुंडाळणारं ऑटोबॉक्सिंगही. आता दहा दोन्हीकडे चालतो. पण कंपायलर आधी न गुंडाळता भागतंय का ते पाहतो, आणि भागलं की पुढे बघतच नाही.

पॉलिमॉर्फिझम शिकवायला मला ही एक ओळ पुरते. लुका कार्डेली आणि पीटर वेग्नर यांनी १९८५च्या निबंधात सांगितलेले चारही प्रकार तिच्याभोवती गोळा झालेत. दोन मेथडचं एकच नाव, हे ओव्हरलोडिंग. गुंडाळणं हे कोअर्शन. लिस्ट इंटिजरची असो की स्ट्रिंगची, कोड तोच, हे पॅरामेट्रिक. आणि समोर अ‍ॅरेलिस्ट आहे की लिंक्डलिस्ट यावरून प्रत्यक्षात कुणाची रिमूव्ह चालणार ते ठरतं, हे इन्क्लुजन. ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी तर १९६७च्या कोपनहेगनमधल्या व्याख्यानांत पॅरामेट्रिक आणि अ‍ॅड हॉक असे दोनच कप्पे केले होते.

आपल्याकडे मुलाखतीसाठी पाठ केलं जातं ते 'कंपाइल-टाइम आणि रनटाइम'. ते चूक नाही, पण त्यातून निर्णय कधी होतो एवढंच कळतं, आणि जेनेरिक्सची तर आठवणही कुणाला होत नाही.

या प्रकारांची गल्लत रोजच्या कामातही होते, म्हणून रिव्ह्यूला आलेल्या कोडमध्ये मी सर्वांत आधी इक्वल्स पाहतो. पॉइंट नावाच्या क्लासमध्ये ऑब्जेक्टऐवजी पॉइंट घेणारी इक्वल्स लिहिली, की ओव्हरराइड करायला गेलेला माणूस ओव्हरलोड करून बसतो. दोन पॉइंट थेट ताडून पाहिले तर उत्तर बरोबर येतं, म्हणून टेस्टही पास होतात. हॅशसेट मात्र ऑब्जेक्टवालीच इक्वल्स विचारतो, आणि तसाच दुसरा पॉइंट घेऊन शोधायला गेलं तर 'नाही' म्हणतो. मेथडच्या डोक्यावर @ओव्हरराइड असतं, तर कंपायलरनेच हटकलं असतं. हीही सोय जावा ५चीच. ती वापरायला फुकट आहे, प्रत्येक ठिकाणी वापरा.