जळक्या साखरेचा केक

नाताळच्या केकला लागणारं अर्धं सामान आमच्या लहानपणी पुण्या-नगरच्या बाजारात मिळत नसे, आणि मिळे त्यातलं बरंचसं परवडत नसे. साठ-सत्तरच्या दशकांतली ही गोष्ट. मिशनच्या कंपाउंडात, रेल्वेच्या चाळींत, शाळा-दवाखान्यांत नोकरी करणाऱ्या मराठी ख्रिस्ती घरांत जो फ्रूटकेक व्हायचा, तो मुळात इंग्रजी पाककृतीवरून आलेला होता. पण त्या पाककृतीतली एकेक वस्तू आमच्या आयांनी, मावश्यांनी बदलून टाकली. ब्रँडीऐवजी संत्र्याचा रस. पाकातल्या चेरीऐवजी टुटीफ्रुटी, म्हणजे कच्च्या पपईचे रंगवलेले तुकडे. बदाम चार, बाकी चारोळी. पाकातलं आलं नाही, तर आलेपाकाच्या वड्या बारीक चिरून. परदेशी सुक्या फळांच्या जागी कोहळ्याचा पेठा. आणि विलायती काळ्या पाकाऐवजी घरी जाळलेली साखर. त्या केकची आठवण निघाली की लोक म्हणतात, ‘तेव्हा काही मिळायचं नाही ना, म्हणून चालवून घ्यायचो.’ मला ते अजिबात पटत नाही. या अदलाबदलीतून एक नवा पदार्थ तयार झाला. तो आपला होता, आणि माझ्या मते मूळ केकपेक्षा सरस होता.

तयारी दिवाळीच्या आधीपासून सुरू व्हायची, ती साखरेपासून. रेशनची साखर मोजून मिळे. दर महिन्याला त्यातली वाटीभर काढून आई वेगळ्या डब्यात ठेवायची, आणि त्या डब्याला कुणी हात लावायचा नाही. पाहुणा आला तरी चहा गुळाचा. मग एकेक जिन्नस यायचा. काळ्या मनुका, बेदाणे, खजूर. तासगावचे बेदाणे आज किराणा दुकानात पोत्याने दिसतात. तेव्हा बेदाणे पुडीतून यायचे आणि प्रत्येकाचा देठ खुडून काढावा लागे. ते काम मुलांचं. परातीभोवती बसून देठ खुडायचे, आणि खुडताना गाणी म्हणायची, म्हणजे तोंडात काही जात नाही हे मोठ्यांना कळे.

नागपूरची संत्री नेमकी त्याच दिवसांत बाजारात यायची. रस फळं भिजवायला आणि सालींचा मुरंबा घालायला. साली दोन-तीन पाण्यांत उकळून कडूपणा काढायचा, आतला पांढरा भाग सुरीने खरवडायचा, मग पाकात मुरवायच्या. वासामुळे शेजारीपाजारी कळायचं की केकची तयारी सुरू झाली.

दारूचा प्रश्न नाजूक होता. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा, त्यामुळे रमसाठी परमिट लागे. आणि परमिट असतं तरी आमच्या मंडळीतल्या बहुतेक घरांत बाटली आली नसती. अमेरिकन मिशनच्या वळणात वाढलेल्या आमच्या आजीपुढे तो विषयही निघत नसे. वसईकडच्या कॅथलिक घरांत रीत वेगळी. आमची एक मावशी तिकडे दिली होती. तिच्याकडे चिनी मातीच्या बरणीत फळं रममध्ये मुरत असायची, तोंडाला दादरा बांधलेला, आणि आठवड्याला एकदा लाकडी चमच्याने वरखाली केलेली. रममधली फळं महिनोन्‌महिने टिकतात. संत्र्याच्या रसातली चार दिवसांत आंबतात. म्हणून आमच्याकडे फळं नाताळच्या आठवड्यात रसात एक उकळी देऊन ठेवायची. मावशीचा केक भारदस्त, आमचा ताजा, आंबूस. दोन्ही बहिणींनी आयुष्यभर आपलाच केक खरा मानला.

आता साखर जाळण्याबद्दल सांगते, कारण सगळा रंग आणि निम्मी चव त्यात आहे. कोल्हापूरची काकवी घालून बघणारी घरं होती. पण काकवीचा वास केकभर पसरतो आणि फळं मागे पडतात. जाळलेल्या साखरेचं तसं होत नाही. लोखंडी कढईत वाटीभर साखर, पाणी नाही. मंद आच. आधी कडेची साखर विरघळते, मग मधली. रंग मधासारखा होतो, मग तांब्यासारखा. इथे थांबलं तर ती नुसती गोड लागते. पुढे जायचं. फेस वर येतो, रंग काळसर तपकिरी होतो, धुराची पहिली रेघ निघते आणि नाकात किंचित कडू वास शिरतो. आई या वेळी कुणाशी बोलत नसे. दुसऱ्या चुलीवर पाणी खळखळत ठेवलेलं असे, कारण थंड पाणी ओतलं तर साखरेचा दगड होतो. ‘मागे सरा’ म्हणायची आणि हात लांब करून पाणी ओतायची. कढई फुत्कारायची, वाफेत तिचा चेहरा दिसेनासा व्हायचा. खाली उरायचा तो काळाभोर पातळ पाक. दोन क्षण आधी पाणी पडलं तर केक फिका. दोन क्षण उशीर झाला तर कडू, आणि महिन्याची साठवलेली साखर मोरीत.

मैद्या-लोण्याचं माप सोपं होतं. तराजूच्या एका पारड्यात अंडी ठेवायची, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचं लोणी, मग तेवढीच साखर, मग तेवढाच मैदा. अंडी लहान-मोठी निघाली तरी प्रमाण चुकत नसे. लोणी-साखर हाताने फेसायची, ती बाबांनी किंवा काकांनी. वर्षभर स्वयंपाकघरात न दिसणारे पुरुष त्या रात्री बाह्या सरसावून परातीशी बसत. फळं मैद्यात घोळवून घालायची, म्हणजे ती तळाला बसत नाहीत. शेवटी जायफळ, दालचिनी, लवंग.

ओव्हन कुणाकडेच नव्हता. काही जणी जाड पातेल्यात वाळू तापवून त्यावर डबा ठेवत. कोकण-गोव्याकडे झाकणावर निखारे ठेवून वरूनही आच देत. पण नाताळचा मोठा केक भट्टीतच जायचा. पावाच्या भट्टीत पहाटे लाकडं पेटत, विटांची कमान तापे, कडक आचेवर आधी पाव निघे, मग बिस्किटं. दुपारी आच उतरू लागली की केकची पाळी. जड फळांच्या केकला हीच उतरती, शांत उष्णता हवी असते: मधला भाग शिजेपर्यंत कडा करपत नाहीत. तेव्हा हे कुणी समजावून सांगितलं नाही. भट्टीवाल्या चाचांना ते हाताने माहीत होतं. आम्ही मुलं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत पीठ घेऊन रांगेत उभी. चिठ्ठी चिकटवली तर जळते, म्हणून डब्याच्या बाजूला खिळ्याने नावाचं अक्षर कोरलेलं. चाचा लांब दांड्याच्या लाकडी फळीवर डबे आत सरकवत, आणि कुठला डबा कुठल्या कोपऱ्यात आहे हे त्यांच्या डोक्यात पक्कं असे. अडीच-तीन तासांनी ते झाडूची स्वच्छ काडी केकमध्ये खुपसून आम्हाला दाखवत. कोरडी निघाली की डबा आपला.

पंचवीस तारखेची उपासना होईपर्यंत केक कापायचा नाही. आदल्या रात्री दारावर गायनाची फेरी आली तरी चिवडा, चकली, चहा, केक नाही. सकाळी चर्चहून आल्यावर आजी सुरी धरायची, आणि पहिली वडी घरातल्या कुणाला मिळत नसे. ताटं भरायची: करंज्या, शंकरपाळे, अनारसे आणि एका कडेला केक. दिवाळीत ज्यांच्याकडून फराळाचं ताट आलं होतं त्यांच्याकडे ते ताट जायचं. अंडं न खाणाऱ्या घरांसाठी मिल्कमेडचा वेगळा केक असे, आणि त्याचं पातेलंही वेगळं. ते वेगळेपण कुणी बोलून दाखवलं नाही, पण आई ते कधी चुकली नाही. तिच्या पाहुणचारातली ही गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. उरलेला केक संक्रांतीपर्यंत टिकायचा. तिळगूळ द्यायला आलेल्यांच्या बशीत शेवटच्या वड्या जायच्या.

आता त्या भट्ट्या कमी होत चालल्या आहेत. मुंबईत लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ च्या जानेवारीत दिला. शहराच्या हवेचा विचार केला तर तो योग्यच आहे, भट्टीपुढे आयुष्य काढलेल्यांच्या फुप्फुसांचा विचार केला तर अधिकच. उतरती आच विजेच्या ओव्हनमध्येही साधता येते. डब्याला आतून तूप लावलेल्या कागदाचे दोन थर द्यायचे. सुरुवात १६० अंशांवर, अर्ध्या तासाने १४०, आणि वरचा रंग आला की कागदाने झाकून १३० वर शेवटचा तास. कडा भट्टीइतक्या खरपूस होत नाहीत. मधला भाग मात्र तसाच ओलसर येतो, आणि फळं जिथे घातली तिथेच राहतात.