खेडच्या लोहाराचे ठोके

इंग्लंडमध्ये उन्हाळ्याच्या दिवसांत गावाबाहेरच्या एखाद्या कुरणावर जुन्या मोटारगाड्यांची प्रदर्शने भरतात. पोळ्याच्या दिवशी शेतकऱ्याने बैल नटवून वेशीपाशी आणावेत, त्याच हौसेने मालक आपापल्या गाड्या धुऊनपुसून तेथे आणतात. अशाच एका प्रदर्शनात फोक्सवॅगन बिऱ्हाडगाड्यांची लांबच लांब रांग लागली होती. सगळ्या गाड्या आरशासारख्या चकाकत होत्या. एक गाडी तेवढी विटक्या रंगाची आणि पोचे आलेली. तिच्याजवळ घडीच्या खुर्चीवर तिचे वृद्ध मालक बसले होते. त्यांची नात काचा पुशीत होती.

या जातीच्या गाडीचा जन्म मोठा साधा आहे. बेन पोन या डच व्यापाऱ्याने १९४७ साली आपल्या टिपणवहीत एका मालवाहू गाडीची चार रेघांची आकृती काढली, आणि १९५० च्या मार्चमध्ये जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे ती गाडी तयार होऊ लागली. पुढल्याच वर्षी वेस्टफालिया या कारखान्याने तिच्यासाठी कपाटे व बाके बनविली, आणि मालाच्या डब्याचे घर झाले. आरंभीच्या गाड्यांचे बळ अवघे २५ अश्वशक्तीचे. चढणीवर ती गोगलगायीसारखी चाले. परंतु तिचे पाठीमागे बसविलेले इंजिन वाऱ्यानेच थंड होई; त्यामुळे वाळवंटात पाणी उकळण्याची भीती नव्हती, की हिमप्रदेशात ते गोठण्याची. शिवाय, सावकाश जाणाऱ्या वाहनातून मुलूख अधिक दिसतो, हे बैलगाडीतून हिंडलेल्यांना कोणी सांगावयास नको!

प्रदर्शनातील ही गाडी १९६५ सालची. तरुणपणी, १९७० मध्ये, तिच्या मालकांनी ती इस्तंबूल, तेहरान, हेरात, कंदाहार, काबूल, खैबर खिंड व लाहोर या मार्गाने दिल्लीस आणली आणि तेथून मुंबईवरून गोव्याच्या हणजूण किनाऱ्याकडे नेली. वाटेत कशेडी घाटात ती दरडीला घासली व सरकते दार आत चेपले. खेडच्या एका लोहाराने ऐरणीचा एक तुकडा आतून टेकवून, हातोडीने ठोकून ठोकून ते दार पुन्हा सरकते केले. मजुरी म्हणून त्याने पैसे घेतले नाहीत. चहा मात्र स्वतःच पाजला. त्या ठोक्यांचे खळगे पत्र्यावर अजून बोटाला लागतात. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले, आणि तो रस्ता प्रवाशांना बंद झाला.

शेजारच्या निळ्या गाडीचा मालक सद्भावनेने म्हणाला, "दाराला लांबी भरा, एक हात रंग द्या, बक्षीस तुमचेच!" नातीलाही ते पटले. पुढे ही गाडी तिच्याकडेच जावयाची होती.

आजोबा काही जुन्याचे आंधळे भक्त नव्हते. चाकांवरच्या कमानी व दाराखालचा पत्रा गंजून गेला, तेव्हा त्यांनी तो निर्दयपणे कापून नवा पत्रा जोडविला होता. तसे न करते, तर गाडीच उरली नसती. "गंज हा रोग आहे," ते म्हणाले, "पण हे ठोके रोग नव्हेत."

"मग तुमच्यामागे कोणता डाग ठेवायचा नि कोणता काढायचा, हे मला कसे कळावे?" नातीने विचारले.

हा प्रश्न रास्त होता. आजोबा काही वेळ बोललेच नाहीत. मग खुर्चीवरून उठले आणि गाडीभोवती हळूहळू फिरत एकेक खूण दाखवू लागले. नातीने वही काढली. परीक्षक येऊन गेले, बक्षीस निळ्या गाडीला मिळाले, टाळ्या झाल्या. यांची प्रदक्षिणा चाललीच होती. सरकत्या दारापाशी आल्यावर नातीने त्या गावाचे नाव कसे लिहावयाचे ते विचारले, आणि आजोबांनी एकेक अक्षर सुटे करून तिला सांगितले.