तिकिटावरील वेळ आणि वाटेवरील वेळ

लंडन ते पॅरिस हे हवाई अंतर सुमारे ३४० किलोमीटर. विमान ते सव्वा तासात कापते. १९९४ साली सुरू झालेल्या, समुद्राखालील बोगद्यातून धावणाऱ्या युरोस्टार रेल्वेला सुमारे सव्वादोन तास लागतात. वरकरणी विमानाचा सौदा लाभाचा. परंतु जाणता व्यापारी वाहतूक व हमाली मिळवल्याखेरीज मालाची किंमत ठरवीत नाही. शहराबाहेरचा विमानतळ, लांबलचक रांगा, सामानाची प्रतीक्षा हे सारे खर्ची टाकले, की तो लाभ उरत नाही. पासपोर्टतपासणी रेल्वेलाही चुकत नाही; मात्र ती शहराच्या मध्यातून निघून मध्यातच उतरवते. वृद्ध मातेला सोबत नेणाऱ्या पुत्राने तिच्या थकव्याचीही नोंद धरावी. तिकिटावरील वेळ हे केवळ मुद्दल. व्याज वाटेत चढते.