घोट्याची समज

बंगळूरचे फुटबॉल मुंबईकरांना अपरिचित नसावे. १९३७ व १९३८ अशी लागोपाठ दोन वर्षे इथल्या बंगलोर मुस्लिम्स संघाने मुंबईत येऊन रोव्हर्स चषक नेला होता. पुढे १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये भारत फ्रान्सकडून १-२ असा हरला, तेव्हा आपला एकुलता गोल सारंगपाणी रामन यांचा होता. आपले बहुतेक खेळाडू त्या दिवशी अनवाणी होते. १९५२ साली हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने दहा गोल चढवले, आणि मग बूट आले.

अनवाणी पायाला जमीन कळते, असे जुने शौकीन सांगतात. या म्हणण्यात भाबडेपणा बराच आहे. प्रतिपक्षाच्या बुटाखाली किती बोटे चिरडली, याचा हिशेब कोण ठेवतो? पण पायालाही एक समज असते, हे मात्र मी माझ्या भाच्याच्या घोट्यावरून शिकलो.

तो इथल्या एका संघाकडून पगारावर खेळतो. डोक्याने चेंडू मारायला उडाला आणि उतरला तो दुसऱ्याच्या पावलावर. पाऊल आत वळले. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन अस्थिबंध असतात. अशा वेळी त्यांतला पुढचा प्रथम तुटतो. हाड शाबूत होते, एवढे नशीब. पाऊल असे वळले की कधी करंगळीमागचे लांब हाड बुडाशी मोडते. तिथे रक्तपुरवठा तोकडा, त्यामुळे ते जुळता जुळत नाही आणि खेळाडूला बहुधा स्क्रू बसवून घ्यावा लागतो. (१९०२ साली रॉबर्ट जोन्स या शल्यवैद्याने या अस्थिभंगाचे वर्णन केले, ते स्वतःचेच हाड नाचताना मोडल्यावर!)

ताईने आंबेहळद उगाळली, डॉक्टरांनी पट्टा बांधला. तिसऱ्या आठवड्यात सूज ओसरली आणि पोराची घाई सुरू झाली. करार संपत आलेला. बाकावर बसलेल्याला नवा करार कोण देणार?

"मामा, आता मुळीच दुखत नाही हो."

फिजिओथेरपीच्या बाईंनी त्याला दुखऱ्या पायावर उभे करून डोळे मिटायला सांगितले. चार अंक मोजून होतात तोच त्याने भिंत धरली. बाई म्हणाल्या, बंधात मज्जातंतूंची टोके असतात; पाऊल कलते आहे ही वर्दी तीच देतात. बंध तुटला की वर्दीही बिघडते, स्नायू उशिरा सावरतात आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. वेदना थांबते, वर्दी मात्र सरावानेच परतते. म्हणून रोज एका पायावर उभे राहणे, मग घडी घातलेल्या कांबळ्यावर, मग उडी, मग वळणे, आणि चेंडू सर्वांत शेवटी.

ऐन तारुण्यातल्या धावपटूला बगळ्यासारखे उभे राहण्याहून कठीण शिक्षा नसेल. ताईला तर वाटे, या निमित्ताने त्याने नोकरी धरावी. तो दोघींचेही ऐकून घेई आणि गच्चीवर जाई.

शनिवारी संघाची यादी लागली. त्याचे नाव नव्हते. जेवण झाल्यावर तो कांबळे घेऊन वर गेला. मोजायला मला बोलावले. त्या रात्री एकवीसपर्यंत गेलो.