पायांचे तीन सोबती

तुम्ही दिवसातून किती वेळा उठता, बसता, चालता? मोजून पाहा. मोजता मोजता तुम्ही थकाल. पण पाय कुरकुर करणार नाहीत. हे कसे घडते, ते मला लहानपणी ठाऊक नव्हते. ते मला कसे कळले, ती हकिकत आज तुम्हांला सांगतो.

मी तेव्हा आठवीत होतो. मुंबईत मदनपुऱ्यातील एका चाळीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. घरात अब्बा, अम्मी, आम्ही भावंडे आणि दादी होती. दादी जिना चढू लागली, की तिचे गुडघे कटकट वाजत. ती एका पायरीवर दोन्ही पाय टेकवी, कठड्याला धरून थांबे आणि मगच पुढची पायरी चढे. मी मात्र उड्या मारत वर जाई आणि ओरडे, "दादी, गाडी कुठे अडली?" चाळीतली मुले हसत. दादीही हसे. ती कधी रागावली नाही, म्हणून मला त्यात काही वावगे वाटत नसे.

एकदा शाळेत खो-खोचा सामना होता. पळताना माझे पाऊल आतल्या बाजूला मुडपले आणि मी पडलो. घोटा सुजला. सामना सोडायचा नव्हता, म्हणून मी कोणाला काही सांगितले नाही. तसाच पळत राहिलो. संध्याकाळी पाऊल जमिनीला टेकवेना. दुसऱ्या दिवशी अब्बांनी मला दवाखान्यात नेले.

एक्स-रे काढला. हाड मोडले नव्हते. डॉक्टरांनी पायाला पट्टी बांधली. खोलीच्या कोपऱ्यात एक सांगाडा टांगलेला होता. मी त्याच्याकडे टक लावून पाहत होतो. ते पाहून डॉक्टर म्हणाले, "बेटा, पायाचे मोठे सांधे तीन. सर्वांत वर खुबा. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. ते कमरेच्या हाडातील खोलगट जागेत बसते. म्हणून मांडी सगळीकडे वळवता येते.

"मधला सांधा गुडघ्याचा. तो मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा उघडतो आणि मिटतो. पुढे वाटी असते. आत चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्या धक्के झेलतात.

"खालचा सांधा घोट्याचा. नडगीचे हाड आणि त्याच्या शेजारचे बारीक हाड यांची खालची टोके म्हणजे घोट्याचे दोन उंचवटे. त्या दोन टोकांच्या मध्ये पावलाचे एक हाड बसलेले असते. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांना अस्थिबंध म्हणतात. तुझा बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध दुखावला आहे. लगेच खेळ थांबवला असतास, तर इतका त्रास झाला नसता."

मी विचारले, "डॉक्टरसाहेब, माझ्या दादीचे गुडघे का वाजतात?"

ते म्हणाले, "नुसता आवाज म्हणजे आजार नव्हे. दुखतातही का?"

मला उत्तर देता येईना. मी दादीला हे कधी विचारलेच नव्हते. अब्बा हळूच म्हणाले, "खूप दुखतात. रात्री झोप लागत नाही."

डॉक्टर म्हणाले, "हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. सांध्यातला चिकट द्रव वंगणाचे काम करतो. वय वाढते, तशी अनेकांची कूर्चा झिजते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून झीज सहसा भरून येत नाही. त्यातच जिना चढताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे तिप्पट भार पडतो."

त्या दिवशी मी कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर घाम फुटला. वर दादी उभी होती. मला वाटले, आता ती विचारणार, "गाडी कुठे अडली?" पण ती दोन पायऱ्या खाली उतरली. माझा हात धरून म्हणाली, "सावकाश, बेटा. जिना कुठे पळून जात नाही."

माझी मान खाली गेली. पाय बरा झाल्यावर मी दादीची पिशवी घेऊन तिच्याबरोबर चढू लागलो. ती थांबली, की मीही थांबत असे.

मित्रांनो, इंग्लंडमधील डॉक्टर जॉन चार्नली यांनी १९६२ साली खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वीपणे बसवला. आज झिजलेला गुडघाही बदलता येतो. दादीला मात्र तो लाभ मिळाला नाही.

तुमचे सांधे निरोगी आहेत. चाला, धावा, खेळा; हालचालीनेच कूर्चेला पोषण मिळते. दुखापत झाली, तर लपवू नका. आणि घरात कोणी हळू चालत असेल, तर पुढे पळण्याआधी एकदा विचारा, "फार दुखते का?"