पेटीत पडलं की पोचलं

आत्याचं कोकणातलं घर वर्षातले आठ महिने बंद असतं. भाऊबंदांनी तिला वकिलामार्फत रजिस्टर नोटीस पाठवली. पाकिटावर ‘घर बंद’ असा शेरा पडला आणि ते पाठवणाऱ्याकडे परत गेलं. आत्या निर्धास्त. हातात पडलीच नाही, तर आली कशी? वकील म्हणाले, “आली.”

*

वकिलांचा आधार १८९७चा जनरल क्लॉजेस ॲक्ट, कलम २७. कायद्याने टपालाने बजावणी करायला सांगितली असेल, तर पत्ता नीट लिहून, टपालखर्च भरून, रजिस्टर करून टाकलं की बजावणी झाली असं धरायचं. उलट सिद्ध करायचं तर घेणाऱ्याने करावं. असा खास कायदा लागू नसला तरी पुराव्याचा कायदा आहेच. रोजचं कामकाज नेहमीसारखंच झालं असणार, असं न्यायालय गृहीत धरू शकतं. चेक न वटल्याच्या नोटिशीबद्दल २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने अलावी हाजी खटल्यात हेच सांगितलं: ‘नकार’, ‘घर बंद’, ‘दुकान बंद’ अशा शेऱ्यांनी परत आलेलं पाकीटही पोचलेलं समजता येतं.

म्हणजे आत्याच्या दाराला कुलूप, आणि कायद्याच्या लेखी पत्र आत.

*

आता टपालखात्याचा स्वतःचा कायदा पाहावा. १८९८च्या कायद्याचं सहावं कलम: पत्र हरवलं, भलत्याच दारात पडलं, उशिरा आलं, फाटलं, तर सरकार जबाबदार नाही. कर्मचारीही नाही; त्याने लबाडीने किंवा मुद्दाम केलं असेल तरच तो जबाबदार. २०२३चा नवा कायदा १८ जून २०२४ला लागू झाला, त्यातही ही ढाल शाबूत आहे. खात्याने नियमांनी स्वतःहून पत्करली असेल तेवढीच जबाबदारी.

न्यायालय म्हणतं, टाकलं म्हणजे पोचलं. खातं म्हणतं, पोचेलच असं नाही. दोघंही एकाच राज्यव्यवस्थेच्या छपराखाली.

सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितलं होतं की टपालखातं भाडं घेऊन माल नेणारा वाहतूकदार नाही, पाठवणाऱ्याचा हस्तकही नाही; ती सरकारी सेवेची एक शाखा आहे. वाक्य भारदस्त आहे. हरवलेल्या पाकिटाचा मालक मात्र त्या शाखेखाली उन्हातच उभा.

*

जुन्या कायद्यातलं माझं सगळ्यात आवडतं कलम चौथं. पत्रं वाहण्याचा मक्ता फक्त सरकारचा. अपवाद थोडेच: वाटेने जाणाऱ्या मित्राने फुकट नेलेलं पत्र, खास माणूस धाडून पाठवलेलं आपल्या कामाचं पत्र, मालासोबतचं मालाविषयीचं पत्र. पाचवं कलम आणखी कडक. प्रवासी किंवा माल वाहणाऱ्याने आणि त्याच्या नोकराने पत्रं नेऊच नयेत. गाडीत माल असेल तर फक्त त्या मालाबद्दलचं चालेल.

आमच्याकडे एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती आंब्याची पेटी मुंबईला यायची, आत आजीची चिठ्ठी. ‘चार डझन आहेत, वरचा थर आधी संपवा’ इथपर्यंत आजी कायद्यात होती. ‘सुनबाई बाळंत झाली, मुलगी’ असं लिहिलं की ड्रायव्हरसकट गुन्ह्यात.

कुरिअरवाल्यांनी यावर साधी तोड काढली. ते ‘पत्र’ हा शब्दच टाळायचे. ‘डॉक्युमेंट’ म्हणायचे. नव्या कायद्याने पत्रांचा मक्ता सोडला. तिकिटं काढण्याचा तेवढा ठेवला. आजीची चिठ्ठी आता कायदेशीर आहे. आजी नाही.

*

पत्र उघडण्याच्या अधिकाराबद्दल. १८९८च्या सव्विसाव्या कलमात ‘सार्वजनिक आणीबाणी’ आणि सार्वजनिक सुरक्षितता असे शब्द होते. राजीव गांधी सरकारने १९८६मध्ये हा अधिकार वाढवणारं विधेयक संसदेत मंजूर करून घेतलं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी सहीच केली नाही. परतही पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं. टपालाच्या विधेयकाचा बटवडाच अडला. नव्या कायद्याच्या नवव्या कलमात राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी असं सगळं आहे, मात्र ‘आणीबाणी’ म्हणजे काय ते सांगितलेलं नाही. फोन टॅपिंगवर १९९६मध्ये न्यायालयाने पुनर्विलोकन समितीसारखे लगाम घातले होते. पाकिटासाठी तसलं काही या कायद्यात लिहिलेलं नाही. पत्रं लिहितंय कोण आता, असं म्हणून हसू नये. पार्सलही टपालच.

*

खरं तर मला बोलायचंय ते जुन्या कायद्याच्या एक्कावन्नाव्या कलमाबद्दल. त्याआधीच्या एकोणपन्नासाव्यात नशेत टपाल वाहणाऱ्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड होता, ते गंमत म्हणून वाचावं. एक्कावन्नावं गमतीचं नाही. जिथे गेलो नाही तिथे गेलो, जे दिलं नाही ते दिलं, असं भासवायला नोंदवहीत खोटी नोंद केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद.

आत्याच्या प्रकरणात सगळं या एका प्रश्नावर येऊन थांबतं. पोस्टमन खरंच घाटी चढून दारापर्यंत गेला होता, की खालूनच ‘घर बंद’ लिहिलं? कुणावर आळ घ्यायचा नाही. गावात सगळ्यांना ठाऊकच आहे घर बंद असतं ते. पण ज्या शेऱ्यावर न्यायालय माणसाचा हक्क टांगतं, त्या शेऱ्याच्या खरेपणासाठी टपालाच्याच कायद्यात शिक्षा होती. नव्या कायद्यात गुन्ह्यांचं प्रकरणच उरलेलं नाही. चोरी, फसवणूक यांना साधा फौजदारी कायदा आहे, हे मान्य. पण खोट्या शेऱ्यासाठी आत्याने तिकडे कुठलं कलम शोधायचं? पत्र उघडायचा अधिकार टिकला, ते खरंच नेलं की नाही याचा जाब गेला. ही छाटणी मला उलटी वाटते.

*

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२चा. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित आणि टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी. आकडा छोटा आणि नेमका करायची सवय सूत्रांतून लागली असेल का?

*

अंधांसाठीचं ब्रेल साहित्य सात किलोपर्यंत बिनातिकीट जातं. खात्याच्या सगळ्या नियमांत हा मला सर्वांत सभ्य वाटतो.

*

२०२५मध्ये देशातलं रजिस्टर पोस्ट स्पीडपोस्टात विलीन झालं. जनरल क्लॉजेस ॲक्टमधला ‘रजिस्टर पोस्ट’ हा शब्द मात्र १८९७पासून जागचा हललेला नाही. वकिलांना चार पैसे मिळतील.

*

आत्याने शेवटी पोस्टमास्तरांना अर्ज दिला: माझं टपाल भाच्याच्या ठाण्याच्या पत्त्यावर वळवावं. पहिलं पाकीट परवा आलं. मुंजीची पत्रिका. मुंज होऊन नऊ दिवस झाले होते.

फोनवर सांगितलं तर म्हणाली, “आहेर पाठवून दे. पोचलं म्हणजे पोचलं.”