सरमेचे पिल्लू

कुत्रा पाळणारी माणसे मला फार दिवस समजत नसत. सकाळी ऐन लोकलच्या वेळी साखळीच्या एका टोकाला स्वतःला बांधून घेऊन, दुसऱ्या टोकाच्या मर्जीने प्रत्येक खांबापाशी थांबणारा गृहस्थ दिसला की मला त्याची कीव येई. आता मी स्वतःच त्या टोकाला असतो, आणि अंबरनाथच्या आमच्या गल्लीतले सगळे खांब मला तोंडपाठ झाले आहेत.

तिळ्या आमच्याकडे आला तो उल्हासनगरहून. तिथल्या कँप नंबर चारमधल्या एका सिंधी कापडवाल्याशी माझा जुना घरोबा. फाळणीनंतर निर्वासितांच्या ज्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले, तिच्यातल्याच एका बराकीत त्याच्या वडिलांनी पहिले दुकान मांडले होते. दुकानामागे रिकाम्या खोक्यात कुत्री व्याली. "साईं, एकच उरलंय. घेऊन जा, घरात बरकत येईल," असे म्हणून त्याने ते ओंजळभर पिल्लू माझ्या पिशवीत, चादरीच्या जोडीवर ठेवले. कानामागे तिळाएवढा काळा ठिपका होता, म्हणून मुलीने नाव ठेवले तिळ्या. आईने मात्र त्याच दिवशी जाहीर केले, "माझ्या देवघराच्या उंबऱ्याशी तो दिसला, तर मी बदलापूरला भावाकडे राहायला जाईन."

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी जिन्यात माझे पाऊल वाजले की तिळ्या दार खरवडतो. त्या दिवशी दार गप्प होते. पाहतो तो मोरीपाशी थंड फरशीवर पोट टेकून पडलेला. दूधपोळी पुढे केली तर वासही घेईना. उभा राहू गेला तर मागचे पाय दोन्हीकडे फाकले. काल गच्चीवर कावळ्यांच्या मागे धावणारा प्राणी! आणि नऊच्या सुमारास त्याच्या नाकातून रक्ताचा एक थेंब फरशीवर पडला. मुलगी रडू लागली. शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. माणूस निदान "इथं दुखतंय" म्हणतो. हा नुसता आपल्याकडे पाहतो, जणू काय झाले आहे ते आपल्यालाच ठाऊक असावे.

उशिरापर्यंत बसणारे जनावरांचे डॉक्टर आहेत ते बदलापूरला, म्हणजे पुढच्याच स्टेशनला. पण आजारी कुत्रा घेऊन लोकलमध्ये कोण चढणार? रिक्षा केली. मी त्याला मांडीवर घेऊन बसतो आहे तोच आई छत्री घेऊन खाली आली. "दे इकडे. तुझ्या मांडीवरनं तो घसरतोय," म्हणाली, आणि तिने त्याला सरळ नऊवारीच्या ओच्यात घेतले. बदलापूरला जाण्याची धमकी तिने अशी खरी केली! पाऊस कोसळत होता. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून पडली होती. तेव्हापासून आमच्याकडची माणसे रात्रीचा पाऊस जरा कान देऊनच ऐकतात. सबंध वाटेत आई एक शब्द बोलली नाही.

डॉक्टरांनी तपासता तपासता प्रश्न सुरू केले, आणि आमच्या घराचा कबुलीजबाबच सुरू झाला.

"चॉकलेट खाल्लं होतं?"

मुलीने मान खाली घातली. "एक तुकडा."

"घरातली तापाची गोळी दिलीत?"

"अर्धीच," बायको म्हणाली. माणसांच्या गोळ्या कुत्र्याला सोसत नाहीत, हे तिला तिथे कळले.

"मनुका, बेदाणे?"

आता आईची पाळी. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा ती त्याला रोज चोरून देत होती! जिच्या उंबऱ्याशी त्याने दिसायचे नाही, ती!

"कुठून पडला? मार लागला?"

"नाही," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी माझ्या नव्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा कुरतडलेला दिसला होता. मी पेपरची गुंडाळी केली आणि तिळ्याला दोन तडाखे दिले. तो ओरडला नाही. डोळे मिटून बसून राहिला. घरी कोणी पाहिले नव्हते.

डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून दाखवला. हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. ताप १०५, कुत्र्याचे अंग मुळातच १०१-१०२ असते, पण हे फार होते. बोटांच्या बेचकीत एक गोचीड सापडली. रक्तातल्या प्लेटलेट निदान दोन लाख हव्यात, त्या ३८ हजार भरल्या. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून त्यांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकात पाहिले. काही दिसले नाही.

"गोचिडीचाच ताप असावा. दिसलं नाही म्हणजे नाही, असं नसतं," ते म्हणाले. गोचिडीतून येणारा एक जंतू पांढऱ्या पेशींत राहतो. तो १९३५ साली अल्जीरियात प्रथम सापडला. दुसरा तांबड्या पेशींत शिरतो. त्याचे पहिले वर्णन १९१० साली झाले ते आपल्याच मद्रासच्या शिकारी कुत्र्यांवरून. "म्हणजे पाहुणा नव्हे, घरचाच," असे म्हणत त्यांनी सलाईन लावले, डॉक्सिसायक्लिन सुरू केले आणि रात्रभर त्याला ठेवून घेतले. "उद्यापर्यंत काही सांगत नाही."

सकाळी उठून पाहतो तो दुसऱ्या चपलेचाही अंगठा कुरतडलेला! तिळ्या बदलापूरला सलाईनखाली. जिन्याखालून एक जाडजूड घूस सावकाश निघून गेली.

मी आईला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवताच म्हणाली, "महाभारतात स्वर्गाच्या दारापर्यंत जातं ते कुत्रं सगळ्यांना ठाऊक असतं. आरंभीचं कोणी सांगत नाही." मग तिने सांगितले. जनमेजयाच्या यज्ञात सरमेचे पिल्लू आले. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावले नाही, तिकडे पाहिलेही नाही; तरी राजाच्या भावांनी त्याला मारले. ते रडत आईकडे गेले. सरमेने येऊन विचारले, याचा अपराध काय? कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा ती म्हणाली, ध्यानीमनी नसलेले भय तुमच्यावर येईल. एवढे सांगून आई पुन्हा खडे वेचू लागली.

आदल्या रात्रीच फोनवर प्लेटलेटचे सारे शास्त्र वाचून काढलेला मी, त्या पुराणातल्या कुत्रीला चक्क भ्यालो. पहिल्या लोकलने बदलापूर गाठले आणि डॉक्टरांना सांगून टाकले.

"पेपरच्या माराने प्लेटलेट उतरत नाहीत," ते हातातली नळी सरळ करत म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "पण काल विचारलं तेव्हाच सांगायचं. पोटात रक्त साचलं असतं, तर मी भलतीकडेच शोधत बसलो असतो."

तिसऱ्या दिवशी तिळ्याने दहीभात चाटला. अठ्ठावीस दिवस गोळ्या चालल्या. त्या पोळीच्या घासात दडवून भरवण्याचे काम आईने कोणाला दिले नाही. गोचीड भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते, म्हणून घरातली फट न् फट बुजवली. डॉक्टरांच्या कागदावर रोगाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह होते, ते अजून तसेच आहे.

नरकचतुर्दशीला आमची अभ्यंगस्नाने आटोपतात तोच सोसायटीचा नेपाळी रखवालदार झेंडूची माळ आणि कुंकू घेऊन दारात उभा. त्याच्या देशात या दिवशी कुत्र्यांची पूजा करतात. आईने देवघरातले निरांजन उचलले आणि उंबरा ओलांडून बाहेर आली. तिळ्याने टिळा लावून घेतला आणि माळेतले दोन झेंडू खाल्ले. सगळे हसत होते. एवढ्यात पेपरवाल्या पोराने गुंडाळी करून पेपर दारात भिरकावला, आणि माळेसकट तिळ्या पलंगाखाली गेला.

तेव्हापासून पेपर आणायला मीच खाली जातो. जिन्यात उभा राहून तो उलगडतो, हाताने सपाट करतो, आणि मग घरात येतो.